परदेशी रेसलिंग कंपनीशी हातमिळवणी करताना

३० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री जपानमधल्या तोकुशिमा शहरात अँटोनिओ इनोकीने बॉब बॅकलंडला हरवलं आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचा (म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) बेल्ट जिंकला. प्रेक्षकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी आज डब्ल्यूडब्ल्यूईची विजेत्यांची यादी उघडली, तर बॅकलंडची कारकीर्द फेब्रुवारी १९७८ पासून डिसेंबर १९८३ पर्यंत सलग दिसते. इनोकीचं नाव त्यात कुठेच नाही.

त्याच्या महिनाभर आधीची दुसरी गोष्ट. इनोकीचा जपानमधला प्रतिस्पर्धी जायंट बाबा याने हार्ली रेसला हरवून एनडब्ल्यूएचा, म्हणजे अनेक रेसलिंग कंपन्यांच्या अमेरिकी संघटनेचा, जागतिक बेल्ट घेतला, आठवड्याभरात परत दिला, आणि तो आठवडा एनडब्ल्यूएच्या इतिहासात रीतसर नोंदला गेला. देश तोच आणि महिनेही जवळजवळ तेच. पण बाबाची ऑल जपान कंपनी एनडब्ल्यूएच्या संघटनेतच होती, आणि कोण किती दिवस विजेता राहणार यावर दोन्ही बाजूंचं आधीच एकमत होतं.

प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरतो, हे आता कोणापासून लपलेलं नाही. पण ठरवून हरणंसुद्धा फुकट पडत नाही. जो हरतो त्याच्या नावाची किंमत थोडी उतरते, आणि ती नावं हीच कंपनीची पुंजी असते. त्यामुळे दोन देशांतल्या कंपन्या एकत्र येतात तेव्हा पैशाचं बोलणं लवकर उरकतं. कोणाचा गडी कोणाकडून हरणार, यावर घोडं अडतं. आपल्याकडे रेसलिंगची शाळा काढून, छोटे शो लावून हा खेळ मनापासून उभा करणारी पोरं आहेत. त्यातल्या कोणी परदेशी कंपनीशी बोलणी सुरू केली असतील, तर हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: नेमकं काय हवंय ते कागदावर लिहा

‘टाय-अप करायचंय’ एवढं म्हणून भागत नाही. या धंद्यात टाय-अपचे निदान चार प्रकार आहेत आणि चारही वेगळे आहेत. पहिला प्रकार शिकायला माणूस पाठवण्याचा. जपानची न्यू जपान प्रो-रेसलिंग कंपनी आपल्या तरुण रेसलरना वर्ष-दोन वर्षं मेक्सिको, इंग्लंड किंवा अमेरिकेत ठेवते आणि तिथून तयार होऊन आलेल्या मुलाला नव्या रूपात उतरवते. दुसरा प्रकार दोघांनी मिळून शो लावण्याचा. तिसऱ्यात परदेशी कंपनी इथे येऊन इथल्या वाहिनीसाठी कार्यक्रम बनवते. चौथा प्रकार म्हणजे सरळ मालकी विकत घेणं.

तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. अमेरिकेच्या टीएनए कंपनीने ‘रिंग का किंग’चं चित्रीकरण डिसेंबर २०११ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात केलं आणि २८ जानेवारी २०१२ पासून ते कलर्सवर दिसू लागलं. परदेशी नावाजलेले रेसलर आणि नव्याने तयार केलेली भारतीय मुलं एकाच रिंगमध्ये होती. २६ भाग झाले आणि दुसरा हंगाम आला नाही. मला हा कार्यक्रम मनापासून आवडला होता, म्हणूनच सांगतो: असा करार करताना पहिला प्रश्न हा विचारा, की पाहुणे विमानात बसल्यावर आपल्याकडे काय उरणार? रिंग उरणार का, शिकवणारा माणूस उरणार का, मुलांना मिळालेली नावं त्यांची राहणार का, आणि चित्रीकरण पुन्हा दाखवायचा हक्क कोणाचा? या चार प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नसतील, तर तुम्ही भागीदार नसून फक्त जागा आणि माणसं पुरवताय.

दुसरी पायरी: जोड बघून लावा

आखाड्यात वजन, वय आणि तालीम बघून जोड लावतात. इथे बघायचं ते समोरच्याने आजवर दुसऱ्यांच्या मुलांना कसं वागवलं. काझुचिका ओकाडाला न्यू जपानने २०१० मध्ये टीएनएकडे शिकायला पाठवलं. तिथे त्याला बरेच दिवस टीव्हीवर नीट काम मिळालं नाही, आणि मिळालं ते ‘ओकाटो’ नावाच्या दुय्यम मदतनिसाचं. जानेवारी २०१२ मध्ये तो मायदेशी परतला आणि १२ फेब्रुवारीला हिरोशी तानाहाशीला हरवून न्यू जपानचा सर्वोच्च बेल्ट जिंकून बसला. पुढची दहा वर्षं त्या कंपनीचा डोलारा बऱ्याच अंशी त्याच्या खांद्यावर होता. दोन कंपन्यांचे संबंध मात्र विस्कटले, आणि न्यू जपानची माणसं पुन्हा त्या कंपनीच्या रिंगमध्ये दिसायला २०२१ साल उजाडलं.

म्हणून ज्या कंपनीशी हात मिळवायचाय तिच्या मालकाशी बोलण्याआधी, तिथे पाहुणे म्हणून जाऊन आलेल्या दोन-तीन रेसलरना फोन करा. मानधन वेळेवर मिळालं का, राहायची सोय कशी होती, आणि टीव्हीवर त्यांची ओळख काय म्हणून करून दिली, हे विचारा. तिसरं उत्तर सगळ्यात बोलकं असतं.

मग तिची सोयरीक आधी कोणाशी जुळलेली आहे ते तपासा. मेक्सिकोत १९३३ साली सुरू झालेली सीएमएलएल आणि १९९२ मध्ये तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी उभी केलेली एएए यांचं हाडवैर आहे. एकीशी जोडलात की दुसरीचं दार बहुतेक बंद. सीएमएलएलचे संबंध न्यू जपान आणि अमेरिकेच्या एईडब्ल्यूशी आहेत. एएए विकत घेत असल्याची घोषणा डब्ल्यूडब्ल्यूईने एप्रिल २०२५ मध्ये केली. जपानच्या नोआचं आणि डब्ल्यूडब्ल्यूईचंही जमतं. १ जानेवारी २०२३ ला शिन्सुके नाकामुरा डब्ल्यूडब्ल्यूईच्या परवानगीने टोकियोत ग्रेट मुटाशी लढला तो नोआच्याच शोमध्ये. हा नकाशा समोर ठेवूनच पत्रव्यवहार सुरू करा.

तिसरी पायरी: छोट्यापासून सुरुवात

इथे लांबण लावण्यासारखं काही नाही. न्यू जपान आणि अमेरिकेच्या रिंग ऑफ ऑनरने मे २०१४ मध्ये टोरांटो आणि न्यूयॉर्कमध्ये दोन शो केले, मग दर वर्षी करत राहिले, आणि ६ एप्रिल २०१९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सोळा हजारांहून जास्त लोक जमवले. न्यू जपान आणि सीएमएलएलची ‘फँटास्टिका मेनिया’ मालिका २०११ पासून, करोनाची वर्षं सोडली तर, जपानमध्ये होत आली आहे. एईडब्ल्यूच्या टीव्हीवर न्यू जपानचा केंटा फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. दोघांचा मोठा ‘फॉरबिडन डोर’ शो शिकागोत झाला तो जून २०२२ मध्ये. सोळा महिने एकमेकांना जोखायला मिळाले. तुम्हीही पहिल्या वर्षी एक रेसलर तिकडे, एक इकडे, एवढंच करा.

चौथी पायरी: पराभवांचा हिशोब

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे सावकाश जाऊ.

एक वही घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या रेसलरनी त्यांच्याकडून खायचे पराभव, उजवीकडे त्यांनी आपल्याकडून खायचे. नुसती संख्या जुळवून उपयोग नाही, वजन जुळलं पाहिजे. सुरुवातीच्या लढतीत नवख्या मुलाने हरणं आणि शेवटच्या लढतीत मुख्य विजेत्याने मधोमध चितपट होणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रत्येक पराभवापुढे चार गोष्टी लिहा: कोणत्या गावात, कार्डवर (शोच्या लढतींच्या यादीत) कितव्या नंबरला, कोणत्या पद्धतीने, आणि तो टीव्हीवर दिसणार की फक्त हॉलमध्ये.

पराभव हलका करायच्या जुन्या युक्त्या आहेत आणि त्या वापरण्यात कमीपणा नाही. टॅग मॅचमध्ये (जोडीविरुद्ध जोडीच्या लढतीत) दोन मोठी नावं समोरासमोर आणायची आणि चित व्हायचं काम जोडीदाराने करायचं. वेळ संपून लढत बरोबरीत सोडवायची. बाहेर पडून मोजणी पूर्ण होऊ द्यायची. पण प्रत्येक लढत अशीच सुटली तर प्रेक्षकाला आपण फसलो असं वाटतं, आणि ते खरंही असतं. संपूर्ण शोमध्ये निदान दोन मोठ्या कुस्त्या निकाली हव्यात, आणि त्यातली एक तुमच्या माणसाने हरलेली हवी. या वाटाघाटीत आधी आपला पराभव टेबलावर ठेवणाऱ्याचं पुढचं बोलणं सोपं जातं, असं माझं ठाम मत आहे.

बेल्ट परदेशी जाणार असेल तर परतीची तारीख आधीच ठरवा. बाबाने २ डिसेंबर १९७४ ला जॅक ब्रिस्कोकडून एनडब्ल्यूएचा बेल्ट घेतला आणि ९ डिसेंबरला त्यालाच परत दिला. अलीकडचं उदाहरण जॉन मॉक्सलीचं: एईडब्ल्यूच्या या माणसाने १२ एप्रिल २०२४ ला शिकागोत न्यू जपानचा आयडब्ल्यूजीपी जागतिक बेल्ट जिंकला आणि ३० जूनला तेत्सुया नाइतोकडून हरून तो जपानच्या स्वाधीन केला. अडीच महिन्यांत दोन्हीकडच्या प्रेक्षकांना ती गोष्ट आपली वाटली.

निकाल ठरला तरी काम संपत नाही. तो कोणत्या नियमाखाली लागला, हेही ठरायला हवं. २१ मार्च १९९१ ला टोकियो डोममध्ये तात्सुमी फुजिनामीने रिक फ्लेअरला चित केलं. जपानने फुजिनामीला एनडब्ल्यूए विजेता म्हटलं. अमेरिकेत फ्लेअरच्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीने सांगितलं, की फुजिनामीने त्याआधी फ्लेअरला वरच्या दोरावरून बाहेर टाकलं होतं, आमच्या नियमात हा फाउल आहे, त्यामुळे आमचा बेल्ट फ्लेअरकडेच. मे महिन्यात फ्लोरिडात फ्लेअरने परतीची लढत जिंकली तेव्हा घोळ मिटला. तो वाद दुसऱ्या लढतीच्या तिकिटांसाठी उपयोगी पडला असेलही; पण ज्या दोन छोट्या कंपन्यांची पत अजून बनायची आहे, त्यांनी हा खेळ करू नये. प्रेक्षक एकदा म्हणाला ‘यांच्या निकालाला काही अर्थ नाही’, की पुढचा शो विकणं जड जातं.

नियमांतले फरक आधीच बसून लिहा. न्यू जपानमध्ये रिंगबाहेरची मोजणी २० पर्यंत जाते, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी १० पर्यंत. मेक्सिकोत प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा ओढून काढणारा बाद होतो, आणि तिथे तीन डावांच्या लढतीची परंपरा आहे. प्रत्येक लढतीसाठी कोणत्या घरचे नियम, हे एका ओळीत लिहा आणि पंचाच्या हाती द्या.

हे सगळं मुख्य करारात घालू नका. मुख्य करार वकील, हिशेबनीस, वाहिनीवाले अशा अनेकांच्या डोळ्यांखालून जातो. निकालांची वेगळी पुरवणी करा; त्यावर दोन्ही बुकर (लढती आणि निकाल ठरवणारे) सही करतील आणि तिच्या दोनच प्रती असतील. शेवटच्या घडीला काही बदललं, तर बदल त्याच कागदावर लिहून पुन्हा दोन सह्या.

आणि ज्यांना रिंगमध्ये उतरायचंय त्या दोघांना तो निकाल मान्य आहे का, हे समोरासमोर बसवून विचारा. १२ डिसेंबर १९७६ ला कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये इनोकीची गाठ गामाच्या घराण्यातल्या अक्रम पैलवानाशी पडली. दोघांत समझोता नव्हता आणि लढत खरीखुरी झाली. इनोकीने हाताला कुलूप घातलं, अक्रमने हार मानली नाही, आणि त्याचा हात गेला. घराण्याची अब्रू पणाला लागलेला माणूस कागदावरच्या सहीला बांधला जात नाही, हे आयोजकाने आधी ओळखायला हवं.

पाचवी पायरी: सरावाचा एक दिवस राखून ठेवा

जपान आणि अमेरिकेत रेसलर पकड साधारणपणे डाव्या अंगाने धरतो. मेक्सिकोत शिकलेला उजव्या अंगाने धरतो. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो. एका सरावात मी तो जवळून पाहिला. आपला मुलगा हेडलॉकसाठी सवयीने डावीकडे झुकला, मेक्सिकोची तालीम घेतलेला पाहुणा त्याच क्षणी आपल्या सवयीने उजवीकडे आला, आणि दोघांची कपाळं आदळली. पाहुण्याच्या भुवईतून रक्त आलं. कोणाचीच चूक नव्हती. मग दोघं अर्धा तास फक्त हातात हात घालून, न आपटता, रिंगभर फिरले. कोणता पाय पुढे आणि कोणता खांदा वर, हे बोटांनी दाखवत. भाषा एकाही शब्दाची समान नव्हती. त्या अर्ध्या तासानंतरची त्यांची लढत मी अजून विसरलेलो नाही.

रिंगही सगळीकडे सारखी नसते. डब्ल्यूडब्ल्यूईची २० फुटी, छोट्या कंपन्यांची बऱ्याचदा १६ किंवा १८ फुटी. दोन फूट कमी झाले, की दोरापर्यंतची पावलं चुकतात. डब्ल्यूडब्ल्यूई टेप गुंडाळलेला खरा दोर वापरते, बऱ्याच ठिकाणी रबरी नळीतली लोखंडी केबल असते; पाठीला दोघांचा झटका वेगळा बसतो. रिंगचं माप, दोराचा प्रकार, फळ्यांखाली स्प्रिंग आहे की नाही आणि वरचा फोम किती जाड, हे पाहुण्यांना महिनाभर आधी फोटोसह पाठवा.

दुखापतीचं कलम मोघम ठेवू नका. जुलै २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या न्यू जपानच्या शोमध्ये हिरोमु ताकाहाशीची मान मोडली. समोर मेक्सिकोचा ड्रॅगन ली होता. म्हणजे जपानी कंपनी, मेक्सिकन प्रतिस्पर्धी आणि अमेरिकेतलं इस्पितळ. हिरोमुला परत यायला सव्वा वर्षाहून जास्त लागलं. जून २०२३ मध्ये टोरांटोत ओकाडाशी लढताना ब्रायन डॅनियलसनचा हात मोडला आणि त्याने तशीच लढत पूर्ण केली. म्हणून विमा यजमान देशात चालणारा हवा आणि त्यात रेसलिंग हा शब्द स्पष्ट लिहिलेला हवा; नेहमीच्या प्रवासविम्यात अशा खेळांना बहुधा वगळलेलं असतं. शिवाय बरा होईपर्यंतचं घरचं उत्पन्न कोण देणार, हेही लिहा.

प्रत्येक मोठ्या लढतीला बदली माणूस तयार ठेवा. २०२२ च्या ‘फॉरबिडन डोर’आधी सीएम पंकचा पाय मोडला, त्याच्या जागी मॉक्सली तानाहाशीशी लढला. नाव बदललं की पराभवांची वहीसुद्धा पुन्हा मांडावी लागते, हे विसरू नका.

सहावी पायरी: नाव आणि मुखवटा कोणाचा

सीएमएलएलमध्ये ‘मिस्तिको’ म्हणून प्रचंड गाजलेला रेसलर २०११ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. नाव कंपनीचं होतं, ते मागे राहिलं, आणि सीएमएलएलने ते दुसऱ्याला दिलं. डब्ल्यूडब्ल्यूईत तो ‘सिन कारा’ झाला; तो निघाल्यावर ते नावही दुसऱ्याच्या वाट्याला आलं. मग एएएमध्ये ‘मिस्तेसिस’, परत सीएमएलएलमध्ये ‘कारिस्तिको’, आणि २०२१ मध्ये पुन्हा ‘मिस्तिको’. माणूस एकच, मुखवट्याखालचा चेहराही तोच, आणि दहा वर्षं स्वतःच्या नावाच्या मागे फिरला. तुमच्या रेसलरला परदेशी कंपनी नवं नाव देणार असेल, तर परत येताना ते त्याच्यासोबत येईल का, टी-शर्ट कोण छापणार आणि चित्रीकरण कोणत्या देशात किती दिवसांनी दाखवायचं, हे आधीच ठरवा.

सातवी पायरी: व्हिसा, कर, सामान

पर्यटक व्हिसावर कोणालाही रिंगमध्ये उतरवू नका, मानधन नसलं तरीही. अमेरिकेत रेसलरला साधारणपणे पी-१ किंवा ओ-१ लागतो आणि त्याचा अर्ज अमेरिकेतल्या कंपनीने किंवा एजंटाने करायचा असतो. जपानमध्येही पात्रता प्रमाणपत्रासाठी बोलावणारी कंपनीच अर्ज करते. म्हणजे कागदपत्रांची जबाबदारी यजमानाची. करारात ती तारखेसह लिहा.

कराचं गणित हाताने मांडून बघा. परदेशी कलाकार किंवा खेळाडूच्या मानधनातून अमेरिका साधारण ३० टक्के, जपान २०.४२ टक्के, ब्रिटन २० टक्के आणि भारत २० टक्के अधिक अधिभार व उपकर कापून घेतो. समजा तुमच्या रेसलरला अमेरिकेत हातात १,००,००० रुपये मिळतील असं तुम्ही तोंडी कबूल केलंत. ३० टक्के कपातीनंतर तेवढे हातात यायला मूळ रक्कम १,४२,८५७ हवी. ‘हातात’ की ‘कपातीआधी’, हा एक शब्द करारात नसला, तर तो कर कोणाच्या तरी खिशातून जातो, आणि बहुधा रेसलरच्याच. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल तर कापलेल्या कराची वजावट मिळू शकते. त्यासाठी प्रमाणपत्रं सीएकडून आधी काढून घ्या.

बेल्ट, पोशाख आणि कॅमेरे परत येणार असतील तर एटीए कार्नेवर (जकात न भरता सामान तात्पुरतं परदेशी नेण्याच्या कागदावर) न्या. विकायचे टी-शर्ट त्यात बसत नाहीत. त्यांची जकात वेगळी.

शेवटची पायरी: निरोपाची अट

भागीदार कधी ना कधी तुमच्या माणसाला नोकरी देऊ करेलच. विल ओस्प्रे आणि ओकाडा दोघंही न्यू जपानमधून एईडब्ल्यूत गेले, दोन्ही कंपन्या एकत्र शो करत असतानाच. रेसलरच्या पोटावर पाय येईल अशी बंदी मला योग्य वाटत नाही, आणि ती फारशी टिकतही नाही. त्याऐवजी एवढं लिहा: करार सुरू असलेल्याला थेट विचारायचं नाही, मुदत संपताना तीन महिने आधी मूळ कंपनीला कळवायचं, आणि जाणाऱ्याने आपल्या घरात एक मोठी लढत हरून बेल्ट ठेवून जायचं. ही शेवटची हारही त्याच वहीत लिहा.

करार संपल्यावर काय-काय परत करायचं, याची यादी करा: चित्रीकरण, छापलेला माल, जाहीर झालेल्या शोंची तिकिटं, आणि खुद्द बेल्ट. १९९१ च्या उन्हाळ्यात डब्ल्यूसीडब्ल्यूने फ्लेअरला काढून टाकलं तेव्हा सोनेरी बेल्ट त्याच्याकडेच होता. त्याने त्यापोटी २५,००० डॉलर अनामत भरली होती आणि ती परत मिळाली नव्हती. काही आठवड्यांत तोच बेल्ट डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टीव्हीवर दिसला. तुमच्या करारात बेल्टची अनामत किती, ती कोणाच्या खात्यात आणि बेल्ट हातात आल्यावर किती दिवसांत परत, हे तीन आकडे लिहा, आणि त्या ओळीखाली दोन्ही मालकांची वेगळी सही घ्या.